गेमने शिकवलं, की गेममधल्या नियमाने?

मागच्या महिन्यात विद्यापीठात अनिकेत कॅन्टीनला चहा घेताना एका ज्युनियरने सिनॉप्सिसचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. पेट पास झालेला, मुलाखत पंधरा दिवसांवर आलेली. विषय होता: 'प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या गणित संपादणुकीवर शैक्षणिक व्हिडिओ गेम्सच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. "ताई, विषय कसा वाटतो?" असं त्याने विचारलं, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग थोडं वाईट वाटलं. चार वर्षांपूर्वी माझा विषय जवळजवळ अक्षरशः हाच होता.

या विषयात चूक अशी काही नाही. मुलाखतीत तो कदाचित पासही होईल. अडचण वेगळी आहे. हा विषय घेऊन निघालात तर तीन-चार वर्षांनी शेवटच्या प्रकरणात 'गेम परिणामकारक आढळला' असं लिहाल, आणि गेममधलं नेमकं काय परिणामकारक होतं हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही. आजचा लेख त्या एका अडचणीबद्दल आहे. मी त्यात अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी

करमणुकीपलीकडचा उद्देश ठेवून बनवलेल्या खेळांना 'सीरियस गेम्स' म्हणतात. क्लार्क ॲब्ट या अमेरिकन अभ्यासकाचं याच नावाचं पुस्तक १९७० सालचं आहे, आणि त्यात भर आहे तो पट, पत्ते आणि भूमिका वाटून खेळायच्या खेळांवर. कल्पना त्याहूनही जुनी. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवायला १९व्या शतकात पटावरचा युद्धखेळ वापरत. १९७१ मध्ये मिनेसोटातल्या तीन तरुण शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा संगणकावरचा खेळ लिहिला. २००२ मध्ये अमेरिकन सैन्याने भरतीसाठी 'अमेरिकाज आर्मी' काढला.

आपल्याकडेही काम झालंय. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट्स आणि अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर 'क्लिक्स' नावाचा उपक्रम चालवला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोरम आणि तेलंगण इथल्या सरकारी शाळांसाठी त्यात संगणकावरची पाठ्यसामग्री बनली. त्यात चौकोनांच्या गुणधर्मांसाठी 'पोलीस क्वाड' नावाचा गेमही होता. या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ चा किंग हमद पुरस्कार मिळाला.

म्हणजे विषय पोरखेळ नाही. सरकार, सैन्य, हॉस्पिटलं, शाळा असे सगळेच यात वेळ आणि पैसा घालतायत. म्हणूनच 'गेमने शिकवलं' हे वाक्य नीट तपासायला हवं.

टेम्पो आणि किराणा

१९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी शिक्षणातल्या माध्यमांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. (हे क्लार्क वेगळे, वरचे क्लार्क वेगळे. लिटरेचर रिव्ह्यूत ही गल्लत मी केलेली आहे.) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रेडिओ, टीव्ही, संगणक ही सगळी किराणा पोचवणारी वाहनं आहेत. किराणा टेम्पोने आला की हातगाडीवरून, यावर घरच्यांचं पोषण ठरत नाही. पोषण ठरतं पिशवीत काय आहे त्यावर. त्यामुळे 'संगणक विरुद्ध शिक्षक' अशा तुलनेत फरक सापडलाच, तर तो बहुतेकदा पाठ वेगळा होता म्हणून, वेळ जास्त मिळाला म्हणून किंवा नवलाई होती म्हणून सापडतो.

क्लार्क यांना कोझ्मा यांनी जोरदार उत्तर दिलं. तो वाद कोर्सवर्कमध्ये येतोच, मी इथे वाढवत नाही. आपल्याला उपयोगी पडते ती रिचर्ड मेयर यांनी २०१४ च्या पुस्तकात केलेली विभागणी. गेम्सवरच्या प्रयोगांचे ते तीन प्रकार करतात. पहिला, माध्यमांची तुलना: गेमने शिकलेले विरुद्ध पुस्तकाने शिकलेले. दुसरा, परिणामांचा शोध: बाजारातला गेम भरपूर खेळल्याने लक्ष, स्मरण वगैरेत काही बदलतं का. तिसरा प्रकार 'व्हॅल्यू ॲडेड'. तोच गेम दोन गटांना द्यायचा, फक्त एका गटाच्या गेममध्ये एकच गोष्ट जास्त ठेवायची. मग फरक पडला तर तो त्या एका गोष्टीचा.

माझ्या ज्युनियरचा विषय पहिल्या प्रकारातला. माझाही होता. आपल्याकडचे या विषयावरचे जे प्रबंध मी ग्रंथालयात चाळले, त्यातले बरेचसे त्याच प्रकारचे निघाले. कारण तो प्रयोग करायला सोपा: दोन तुकड्या, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-टेस्ट, झालं.

मोक्षपट: अक्षरं एक सांगतात, नियम दुसरंच

हा फरक मला परदेशी पेपर वाचून समजला नाही. समजला तो सापशिडीमुळे.

सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट किंवा ज्ञानचौपड. महाराष्ट्रात तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. ही परंपरा झाली. अभ्यासकांच्या हाती असलेले पट मात्र बहुतेक १८व्या-१९व्या शतकातले आहेत. अँड्र्यू टॉप्सफिल्ड यांनी १९८५ मध्ये यावर लेख लिहिला, आणि पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे माजी ग्रंथपाल वा. ल. मंजुळ यांनी मोक्षपटांवर काम केलं. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन यांनी तर पश्चिम भारतातल्या या खेळावर कोपनहेगन विद्यापीठात अख्खी पीएच.डी. केली, २०१९ मध्ये. 'असल्या विषयावर कुणी पीएच.डी. करतं का' असं घरी ऐकून घेणाऱ्यांसाठी ही माहिती मुद्दाम दिली.

या पटावर प्रत्येक घराला नाव असतं. कुठे सद्गुण, कुठे दुर्गुण, कुठे लोक आणि स्वर्ग. जैन पटांत बहुधा ८४ घरं, वैष्णव पटांत बऱ्याचदा ७२. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात सापाचं तोंड. सगळ्यात वर मोक्ष. गेममधून मूल्यशिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

आता नियम बघा. कवड्या किंवा फासे टाकायचे आणि पडेल तितकी घरं पुढे जायचं. खेळणाऱ्याला निवड कुठेच नाही. घरावर 'दया' लिहिलंय, पण दया दाखवायची किंवा नाकारायची संधी खेळात एकदाही येत नाही. क्रोधाच्या घरात मी पडले तर ते माझ्या रागामुळे नव्हे, कवड्या तशा पडल्या म्हणून. घरावरची अक्षरं म्हणतात, नीट वाग. नियम म्हणतो, पडेल ते दान घे. यावर कुणी म्हणेल की दान म्हणजेच प्रारब्ध, आणि खेळाला तेच दाखवायचंय. मान्य. पण मग खेळ शिकवतो ते प्रारब्ध. सदाचार शिकवतात ती अक्षरं.

पुढे काय झालं तेही महत्त्वाचं आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे घरांवर इंग्रजी समाजाचे गुण-दोष आले, हळूहळू अक्षरं जाऊन चित्रं आली. १९४३ मध्ये अमेरिकेत तो 'शूट्स अँड लॅडर्स' म्हणून निघाला, तेव्हा साप जाऊन घसरगुंड्या आल्या. आपल्या घरातल्या पुठ्ठ्याच्या सापशिडीवर तर नुसते आकडे उरले. मोक्ष गेला, दया गेली, क्रोध गेला, आणि खेळ होता तसाच चालू राहिला.

यातून मी एक कामचलाऊ चाचणी बनवली आणि तिला 'लेबल काढून बघ' असं नाव दिलं. गेममधला शिकवायचा मजकूर काढून त्या जागी भलताच मजकूर टाकायचा. खेळणाऱ्याला खेळताना जे करावं लागतं त्यात काहीच बदललं नाही, तर तो मजकूर गेमच्या आत नव्हताच, वरून चिकटवलेला होता.

तुमच्या फोनवरच्या कुठल्याही 'खेळता खेळता शिका' छापाच्या ॲपला ही चाचणी लावा. गाडी पळते, मध्येच चौकट येते, 'सात आठे किती?', उत्तर बरोबर आलं की गाडी पुन्हा पळते. सात आठे छप्पनच्या जागी भारताची राजधानी टाका. गाडीला काही फरक पडत नाही. इंग्रजीत अशा गेम्सना चॉकलेटमध्ये बुडवलेली ब्रोकोली म्हणतात. आपली म्हण जुनी आणि जास्त स्पष्ट आहे: कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच.

उरलेल्या आकड्यांचं काय?

गंमत अशी की सगळी लेबलं गेल्यावर सापशिडीवर जे उरलं, म्हणजे आकडे, त्यांच्यावर उत्तम संशोधन झालंय.

सीगलर आणि रमाणी यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांमधल्या बालवाडीच्या मुलांना अगदी साधा पट दिला. एका ओळीत १ ते १० घरं. फिरकीवर १ किंवा २ आलं की तितकं पुढे जायचं, आणि जाताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या गटाला तसाच पट, तशीच फिरकी, पण घरांत आकड्यांऐवजी रंग. दोन आठवड्यांत १५-१५ मिनिटांचे चार डाव. आकड्यांच्या गटाची संख्यांची समज वाढली, रंगांच्या गटाची नाही. २००८ च्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात १२४ मुलं होती, आणि फायदा नऊ आठवड्यांनंतरही टिकलेला दिसला.

इथे रंगांचा गट किती विचारपूर्वक घेतलाय ते बघा. 'काहीच न खेळणारी मुलं' हा कंट्रोल ग्रुप नाही. दोन्ही गटांनी खेळ खेळला, मोठ्या माणसाचं लक्ष दोघांनाही मिळालं, मजा दोघांनाही आली. त्यामुळे 'नवलाईमुळे झालं असेल' हा आक्षेप तिथेच निकालात निघतो.

माझा सगळ्यात आवडता अभ्यास यापुढचा, लास्की आणि सीगलर यांचा, २०१४ चा. पट १०० पर्यंतचा, दहा-दहाच्या ओळींचा, म्हणजे आपल्या ओळखीचाच. दोन्ही गटांना पट तोच, आकडेही तेच. फरक फक्त मोजण्यात. समजा सोंगटी ३६ वर आहे आणि ३ पडले. एका गटाने म्हणायचं, 'एक, दोन, तीन'. दुसऱ्या गटाने म्हणायचं, 'सदतीस, अडतीस, एकोणचाळीस'. शिकला तो दुसरा गट. पहिल्या गटाच्या डोळ्यांसमोर तेच आकडे असूनही त्यांना तसा फायदा झाला नाही.

हे वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. कारण तोपर्यंत माझा पायलट झालेला होता.

माझा पायलट, म्हणजे माझी चूक

माझं काम मराठी संख्यानामांवर आहे. दुसरीतल्या मुलांना २१ ते ९९ वाचणं का अवघड जातं हे मराठी माणसाला समजवायची गरज नाही. ३७ लिहिताना आधी ३, म्हणताना आधी सात: सदतीस. ३९ तर आणखी वेगळं, चाळीसला एक कमी, एकोणचाळीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना बाजू मांडावी लागली. त्यांचा मुद्दा जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांचा होता. पद्धत पटो वा न पटो, अडचण खरी आहे.

या अडचणीवर मी टॅबलेटसाठी सापशिडी बनवली. फासा पडला की चौकट यायची: '३७ कसं वाचाल?' चार पर्याय. बरोबर उत्तर दिलं की टाळ्या वाजायच्या आणि सोंगटी टुणटुण उड्या मारत आपोआप पुढे जायची. एका शाळेतल्या बाईंनी मोठ्या मनाने गणिताचे तास दिले. तीन आठवडे मुलं खेळली. उत्तरचाचणीत गुण वाढले. मी खूश. स्लाइड्स बनवल्या आणि सल्लागार समितीपुढे उभी राहिले.

समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "याच तीन आठवड्यांत बाईंनी रोज अंक म्हणून घेतले असते तर किती वाढले असते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुलनेला गटच नव्हता. 'मुलांना खूप आवडलं' असं मी म्हणाले. सर म्हणाले, "आवडलं असेलच. मी ते विचारलं नाही."

घरी येऊन वर्गात केलेलं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. एक मुलगी सोंगटीच्या उड्यांबरोबर ओठ हलवत होती. आवाज वाढवून ऐकलं, तर ती 'एक, दोन, तीन, चार' म्हणत होती. सोंगटी ३५ वरून ३९ वर जात होती आणि माझ्या गेमने तिला एकदाही 'एकोणचाळीस' म्हणायला लावलं नव्हतं. दुसरा एक मुलगा चारही पर्याय क्रमाने दाबून बघत होता, कारण चुकीच्या उत्तराला गेममध्ये काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. मग स्वतःचीच चाचणी स्वतःच्या गेमला लावली. प्रश्नांच्या फाईलमध्ये संख्यानामांऐवजी जिल्हे आणि त्यांची मुख्यालयं टाकली. कोडची एक ओळही न बदलता गेम सुरळीत चालला.

म्हणजे माझं कारलं तुपात तळलेलंही होतं आणि साखरेत घोळलेलंही.

नव्या आवृत्तीत सोंगटी आपोआप जात नाही. मूल प्रत्येक घरावर बोट ठेवतं आणि घराचं नाव म्हणतं, मगच सोंगटी तिथे येते. टाळ्या काढल्या, घड्याळ काढलं. तुलनेच्या गटाला हाच गेम, हाच पट, फक्त तो 'एक, दोन, तीन' मोजतो. आणखी एक प्रश्न डिझाइन करताना समोर आला: आपल्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि वरची उजवीकडून डावीकडे, त्यामुळे ११ बरोबर १० च्या डोक्यावर बसतं. दहा-दहाची रचना मुलांना दिसावी असं वाटत असेल तर ही नागमोडी वाट मदत करते की घोळ घालते? हा मला आत्ता वेगळा प्रयोग वाटतो. माहितीसंकलन सुरू आहे, म्हणून निकालाबद्दल आज काही लिहीत नाही.

मोजायचं काय?

दुसरी शिकवण मापनाची. 'री-मिशन' हा गेम कॅन्सर झालेल्या किशोर-तरुणांसाठी बनवला होता. खेळणारा एका छोट्या यंत्रमानवाच्या रूपात शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर मारा करतो, औषधं वेळेवर घेण्याचं महत्त्व खेळातच येतं. पामेला कॅटो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला: अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली ३४ केंद्रं, १३ ते २९ वयाचे ३७५ रुग्ण. कंट्रोल ग्रुपलाही गेम दिला होता, इंडियाना जोन्सचा, बाजारातला.

औषधं घेतली की नाही हे त्यांनी दोन तऱ्हांनी तपासलं. एक, रुग्णालाच विचारून. दोन, डबी उघडल्याची नोंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक झाकण आणि रक्ताची तपासणी. झाकणाने आणि रक्ताने सांगितलं की री-मिशनवाल्यांनी औषधं जास्त नियमित घेतली. रुग्णांनी स्वतः दिलेल्या उत्तरांत मात्र फरक दिसला नाही. जीवनमान आणि ताण यांतही नाही.

आता विचार करा. हाच अभ्यास नुसती प्रश्नावली भरून घेऊन केला असता तर 'गेमचा उपयोग नाही' असा निष्कर्ष निघाला असता. उलटही होतं. आपल्या बऱ्याच अभ्यासांत 'गेम आवडला का? शिकायला मदत झाली का?' अशी पाच पर्यायांची प्रश्नावली असते आणि तिच्या सरासरीवर परिणामकारकता सिद्ध होते. दुसरीतलं मूल टॅबलेट घेऊन आलेल्या ताईला 'नाही आवडला' असं सहसा सांगत नाही.

प्रशिक्षणाचं काय?

मोठ्यांच्या प्रशिक्षणात एक गैरसमज फार चालतो: गेम खऱ्या कामासारखा दिसला की उपयोगी. १९९४ मध्ये गोफर, वाइल आणि बारेकेत यांनी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना 'स्पेस फॉर्ट्रेस' नावाचा गेम दहा तास खेळायला लावला. दिसायला तो विमानासारखा अजिबात नव्हता. पडद्यावर एक किल्ला आणि एक छोटं यान, बास. पण एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष कसं वाटायचं हा त्यातला खरा व्यायाम होता. गेम खेळलेले प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचणीत न खेळलेल्यांपेक्षा सरस ठरले. दिसण्यात साम्य नव्हतं, करावं लागणाऱ्या कामात होतं.

याच्या शेजारी २००७ चा रॉसर यांचा अभ्यास ठेवा. ३३ सर्जन. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका आणि २७ टक्के जास्त वेग. 'गेम खेळा, सर्जन व्हा' अशा बातम्यांना हे आकडे पुरले. पण हे सहसंबंध आहेत. गेममुळे हात तयार झाला, की ज्यांचा हात आणि डोळा मुळातच जुळलेला तेच गेमकडे वळले? ३३ जणांच्या या माहितीतून ते ठरवता येत नाही. पहिला अभ्यास प्रयोग आहे, दुसरा पाहणी. पेपरला जाल तेव्हा हा प्रश्न हमखास येतो, म्हणून ही जोडी लक्षात ठेवा.

माझ्या चाचणीच्या मर्यादा

आता स्वतःच्याच म्हणण्यावर आक्षेप. 'लेबल काढून बघ' ही चाचणी मला अजूनही उपयोगी वाटते, पण पुरेशी वाटत नाही.

वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून मेटा-ॲनालिसिस केलं. पारंपरिक शिकवण्याच्या तुलनेत सीरियस गेम्सचा फायदा शिकण्यात ०.२९ आणि लक्षात राहण्यात ०.३६ इतका निघाला. इफेक्ट साइजच्या नेहमीच्या भाषेत हा लहान ते मध्यम यांच्या मधला परिणाम. प्रेरणेत लक्षणीय फरक निघाला नाही. 'मुलांना गोडी लागते म्हणून गेम' या सगळ्यात लोकप्रिय युक्तिवादालाच आधार कमी सापडला. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं: गेमच्या जोडीला इतर शिकवणं असेल, डाव पुन्हा पुन्हा होत असतील आणि मुलं गटात खेळत असतील, तर फायदा जास्त.

म्हणजे शिकणं फक्त नियमात नसतं, खेळाभोवतीच्या बोलण्यातही असतं. मोक्षपटावर सोंगटी क्रोधाच्या घरात पडल्यावर शेजारी बसलेलं मोठं माणूस काही बोललं असेल, तर ते 'चिकटवलेलं' लेबलही कामाला आलं असेल. माझ्या पायलटमध्ये एक दिवस अर्ध्या टॅबलेटांचं चार्जिंग संपलं म्हणून दोघांत एक दिला. मी तो दिवस बिघडलेला म्हणून वहीत नोंदवला होता. रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्याच दिवशी एक मुलगा शेजारणीला म्हणताना ऐकू येतो, "अगं तीसनऊ काय, एकोणचाळीस म्हण ना!" तीन आठवड्यांत गेमने जे करवलं नव्हतं ते चार्जर विसरल्यामुळे झालं.

म्हणून नव्या आराखड्यात जोडीने खेळणारा गटही आहे. निकाल काय येईल माहीत नाही, आणि त्याची धाकधूक आहे. तो माझ्या नियमाच्या विरोधात गेला तर प्रबंधाचं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

ज्युनियरला मी चार प्रश्न लिहून दिले, तेच इथे देते.

१. गेममध्ये मूल प्रत्यक्ष काय करतं? 'अपूर्णांक शिकतं' असं लिहायचं नाही. बोटाने, तोंडाने, डोळ्याने काय करतं ते क्रियापदांत लिहा. ती क्रिया म्हणजेच शिकायची गोष्ट आहे का?

२. तुलना कशाशी? शक्यतो त्याच गेमच्या अशा आवृत्तीशी, जिच्यात तुमची ती एकच गोष्ट नाही. ते जमत नसेल तर निदान तितकाच वेळ, तितकंच लक्ष मिळालेल्या वर्गाशी.

३. मोजणार कसं, आणि कधी? मुलाला विचारून की मुलाकडून करवून घेऊन? लगेच की काही आठवड्यांनी? गेमच्या पडद्यावर की साध्या कागदावरसुद्धा?

४. प्रयोग फसला तर त्या वर्गाचं काय गेलं? हा प्रश्न पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात मला सापडला नाही, पण तो टाळू नका. मला तास देणाऱ्या बाईंचा भागाकार त्या वर्षी मागे पडला. त्यांनी तक्रार केली नाही. मी परत गेले तेव्हा 'नवीन गेम आणलाय का?' एवढंच विचारलं आणि पुन्हा तास दिले.

ज्युनियरने मसुदा परत नेला. चार दिवसांनी नवा विषय पाठवला: 'अपूर्णांकांच्या गेममध्ये तुकडे स्वतः कापणे आणि तयार तुकडे निवडणे यांचा तिसरीच्या मुलांच्या अपूर्णांकांच्या तुलनेवर होणारा परिणाम'. शीर्षक लांब आहे, वाचताना दम लागतो. खाली त्याने विचारलं होतं, "ताई, फार छोटा विषय होत नाही ना?" मी उत्तर पाठवलं की मुलाखतीत हेच विचारतील, तयारी करून जा, आणि तोपर्यंत दोन्ही आवृत्त्या पुठ्ठ्यावर कापून शेजारच्या एखाद्या मुलाला खेळायला दे. कोड नंतर लिहिता येईल.